साईड

मजऱ्याचे, त्या वाळवंटातल्या मळ्याचे, लोखंडी फाटक आले की किसनचा पाय आपोआप ब्रेकवर जाई.

फाटकाच्या आत तो वाटेल ते चालवी. ट्रॅक्टर चालवी, पाण्याची टाकी ओढी, लेंडीखताने भरलेली जुनी पिकअप खजुराच्या झाडांमधून अशी वळवी की एका झावळीलाही धक्का लागत नसे. फाटकाबाहेर मात्र डांबरी रस्ता होता. त्या रस्त्यावर यायचे तर गाडीला इस्तिमारा, म्हणजे नोंदणीचे कार्ड लागे, आणि चालवणाऱ्याला लायसन. पिकअपला इस्तिमारा होता. किसनला लायसन नव्हते. म्हणून काकडीचे क्रेट भरून तो पिकअप फाटकापर्यंत आणी, इंजिन चालू ठेवून खाली उतरे, आणि अम्मार चढून बसे. अम्मार मुलतानचा, उंच, पान खाल्ल्यासारखे लाल ओठ असलेला. तो सीट मागे सरकवी, आरसा आपल्या डोळ्यांना लावून घेई आणि दोह्याच्या भाजीबाजाराकडे निघून जाई. धूळ खाली बसेपर्यंत किसन तिथेच उभा राही.

गावाकडे, केज तालुक्यात, किसन ड्रायव्हर होता.

हे खोटे त्याने एकदम बोललेले नव्हते. कतारला आल्याच्या पहिल्या वर्षी फोनवर चुलत्याने विचारले होते, काय काम करतोस? तेव्हा तो ट्रॅक्टरवर बसलेला होता. म्हणाला, "गाडीवर हाय." गावाने त्या शब्दाला आपल्या परीने मोठे केले. बबीताच्या सोयरिकीच्या बैठकीत मध्यस्थाने चारचौघांत सांगितले, "पोरीचे वडील कतारला ड्रायव्हर हायेत." सगळ्यांनी किसनकडे पाहिले. किसनने हातातली सुपारी निरखून पाहिली आणि ती तोंडात टाकली.

गेल्या हिवाळ्यात त्याचा जावई चेतन त्याच्याच शब्दावर ह्याच मजऱ्यावर कामाला आला. पहिल्याच सकाळी तो खांद्यावर क्रेट घेऊन उभा असताना पिकअप फाटकापाशी थांबली, सासरा उतरला आणि परका माणूस चढला. चेतनने ते पाहिले आणि तत्क्षणी मान वळवून खजुराकडे पाहू लागला, जणू झाडाला काही विशेष लागले आहे. त्याने त्याविषयी कधी विचारले नाही, बबीतालाही कळवले नाही. विचारले असते तर किसनला काहीतरी सांगता आले असते. त्या न विचारण्याला उत्तर नव्हते.

दोघांना मिळून पत्र्याची एक केबिन होती. आत वरखाली असा दोन मजली लोखंडी पलंग, एक गॅस, एक खडखडणारा एसी. जावई आला त्या दिवशी किसनने खालच्या पलंगावर नवी चादर घातली होती आणि स्वतःची वळकटी वर टाकली होती.

"मामा, गुडघं बगा तुमचं," चेतन म्हणाला.

"जावयानं माळ्यावर निजायचं व्हय? लोक काय म्हनतील?"

"हितं कोन हाय म्हनायला? अम्मारभाई आन् मेंढरं." असे म्हणून चेतनने शिडीला हातही न लावता वर उडी मारली आणि वरूनच हसला. तेव्हापासून तो वर निजे. जेवणाच्या वेळी दोघांची ओढाताण होई. किसन त्याला आधी वाढी, गरम भाकरी त्याच्याच ताटात टाकी. आणि जेवण झाले की चेतन स्वतःचे ताट तर उचलीच, पण सासऱ्याच्या हाताखालून त्याचेही ओढून घेई आणि बाहेरच्या नळाकडे पळे.

"अवो, ठिवा ते! जावयानं खरकटं काढू नये."

"पाप लागलं तर बबीला वाटून दीन," बाहेरून आवाज येई.

किसनने आयुष्यात पुष्कळ माणसांकडून पुष्कळ प्रकारे मान आणि अपमान घेतला होता. पण इतक्या सहज कुणी त्याचे ताट धुतले नव्हते.

ऑगस्ट लागला. समुद्रावरून दमट हवा येऊ लागली आणि ग्रीनहाऊसच्या प्लास्टिकवर आतून पाणी धरू लागले. सकाळी दहा वाजता उघड्यावरचे काम सरकारी नियमाने बंद होई, ते साडेतीन वाजता पुन्हा सुरू होई. त्या मधल्या वेळात माणसे केबिनीत ओल्या टॉवेलखाली पडून राहत. अशाच एका दुपारी मॅनेजर अरुणकुमार केबिनीच्या दारात आला. तो कोइमतूरकडचा, शेतकी कॉलेज शिकलेला. हिंदी मोजून मापून बोले.

"अम्मार जा रहा है. पक्का. महीने के आखिर में," तो म्हणाला. "ड्राइवर चाहिए. तुम दोनों ड्राइविंग स्कूल जाओ. जिसका लाइसेंस पहले आएगा वो ड्राइवर. आईडी कार्ड में काम भी बदलेगा, मज़दूर से ड्राइवर. दूसरा उधर ही रहेगा, ग्रीनहाउस में."

अरुणकुमार निघून गेला.

"मामा, तुमचंच व्हनार," चेतन वरून म्हणाला. "मी उगं आपला जोडीला येतो."

किसनने डोळ्यांवर टॉवेल ओढला आणि त्या ओल्या अंधारात पाहिले, की तो पिकअप घेऊन फाटकापाशी आला आहे आणि पाय ब्रेकवर गेलेला नाही.

ट्रेनिंगचे आठवडे झपाट्याने गेले. वाहतुकीच्या संकेतांची परीक्षा दोघांनी हिंदीतून दिली. पार्किंगमध्ये किसन इतका सफाईदार, की शाळेतले इतर शिकाऊ बघायला थांबत. चेतनचाही हात चांगला होता, आणि त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. तो हात किसननेच तयार केलेला होता. लग्नाच्या आधी किसन सुट्टीवर गेला तेव्हा होणाऱ्या जावयाला त्याने टेंपो शिकवला होता. शेजारी बसून, केजच्या रस्त्यावर. कतारला येण्याआधी किसन उसाचा ट्रॅक्टर चालवी, मागे दोन ट्रॉल्या. अशा लांबलचक ओझ्यामागे अडकलेल्या माणसाची तगमग त्याला आरशातून दिसे. म्हणून त्याची पहिली शिकवण हीच होती.

"आपली गाडी जड. मागच्याला ताटकळत ठिवायचं नसतं. त्यानं लाईट मारली, आन् पुढं आपल्याला मोकळं दिसलं, की उजवा दिवा द्यायचा. जा बाबा, म्हनायचं. त्याला पुढचं दिसत न्हाई, आपल्याला दिसतंय. ह्याला साईड देनं म्हनतात. साईड न देनारा मानूस मानूस न्हाई."

चेतनने ते मनावर घेतले होते. दुधाचा टेंपो चालवताना त्याने ओळखी-अनोळखी किती गाड्यांना साईड दिली असेल कोण जाणे.

रस्त्यावरच्या परीक्षेची किसनची तारीख रविवारची आली, चेतनची बुधवारची.

रविवारी बाजार आटोपून अम्मारने किसनला शाळेत सोडले. परीक्षेच्या गाडीत मागच्या सीटवर तीन उमेदवार होते. एकेकाने पुढे येऊन चालवायचे. शेजारी शुर्ता, म्हणजे पोलीस, बसलेला. तरुण होता, अत्तराचा वास येत होता, हातात टॅब होता. किसनचा क्रमांक दुसरा. तो चालकाच्या जागेवर बसला, पट्टा लावला, आणि स्टिअरिंगला बोटे लावून ती छातीशी नेली. शुर्ता थांबला. मग म्हणाला, "यल्ला." म्हणजे, चल.

गाडी छान चालली. रस्ता तीन पदरी, किसन उजव्या पदरात. गोल चौकात तो नेमका थांबला, नेमका निघाला. मागचा नेपाळी मुलगा पुटपुटला, "दाइ पास."

तेवढ्यात आरशात पांढरी लँडक्रूझर आली. मोठी, अगदी जवळ; तिने दोनदा लाईट मारले. किसनच्या हाताने मनाला विचारले नाही. उलट क्षणभर त्याला आपलेच कौतुक वाटले, की देशात उजवा देतात, इथे रस्ता उलटा, म्हणजे डावा द्यायला हवा, हे त्याला ऐन वेळी आठवले. त्याने डावा इंडिकेटर दिला. जा बाबा.

लँडक्रूझरवाल्याला वाटले, ही गाडी डाव्या पदरात घुसते आहे. तो डावीकडून निघालेलाच होता. त्याने करकचून ब्रेक मारला, गाडीचे नाक खाली गेले, हॉर्न लांबवर वाजत राहिला.

शुर्त्याने डावीकडे पाहिले. रस्ता सरळ होता. "किदर जाता?" त्याने विचारले.

"किदर नहीं सर."

"किदर नहीं?" त्याने टॅबवर बोट टेकवले. आवाज चढवला नाही. "खलास. साइड में रोको."

उरलेला रस्ता किसन मागच्या सीटवर पहिल्या उमेदवाराशेजारी बसून आला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते गुडघ्यांखाली दाबून ठेवले.

शाळेच्या शेडमध्ये शिकवणाऱ्याने टॅबवरचा निकाल वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लेफ्ट इंडिकेटर क्यों दिया? न मुड़ना था, न लेन बदलना था."

"पीछेवाला जल्दी में था सर. साईड दिया."

"क्या दिया?"

"साईड."

शिकवणारा आधी समजला नाही. मग समजला, आणि त्याने मान मागे टाकली. "साईड दिया! अरे सुनो, इसने साईड दिया! भाई, ये रोड तेरा है जो तू देगा?" बाकावरची माणसे हसली. ज्यांना हिंदी येत नव्हते तीही हसली. थंड पाण्याच्या यंत्रापाशी उभा असलेला अम्मारही हसला, मग त्याची नजर किसनच्या चेहऱ्याकडे गेली आणि त्याने ग्लास तोंडाला लावला. शिकवणारा माणूस वाईट नव्हता. हसू ओसरल्यावर त्याने किसनच्या खांद्यावर हात ठेवला. "देखो चाचा, यहाँ इंडिकेटर का एक ही मतलब है. मैं जा रहा हूँ. बस. पीछेवाला अपना देखेगा. तुम कुछ मत करो."

परतीच्या वाटेवर वाळवंटात उंटांचा कळप दिसला तसे अम्मार म्हणाला, "दिल छोटा मत कर. दूसरी तारीख मिल जाएगी. लड़के को बता देना, वो भी यही करेगा. तेरा ही शागिर्द है."

"हाँ," किसन म्हणाला.

चेतन फाटकापाशीच उभा होता. त्याने चेहरा पाहून ओळखले आणि तरी विचारले, "काय म्हनले?"

"न्हाई झालं."

"कशानं वो? तुमचं तर लई भारी..."

सांगायला हवे होते ते वाक्य किसनच्या जिभेवर तयार होते. पण त्या वाक्याबरोबर शेडमधले हसू येत होते. ज्या पोराला आपण साईड द्यायला माणुसकी म्हणून शिकवले, त्याला आता सांगायचे, की तिच्यावर माणसे पोट धरून हसली. ते त्या घडीला होईना. "काय की," तो म्हणाला. "शुर्त्याचं डोकं फिरल्यालं व्हतं. नशीब."

"जाऊ द्या. पुढच्या खेपी," चेतन म्हणाला, आणि सासऱ्याच्या हातातली पाण्याची बाटली काढून स्वतः घेऊन चालू लागला.

आज नाही, उद्या सांगू, असे किसनने ठरवले.

सोमवारी ते ग्रीनहाऊसमध्ये काकडी तोडत होते. वेलींच्या मधल्या गल्लीत एका वेळी एकच माणूस जाऊ शके. किसन पुढे, चेतन मागे. पाठीवरून घाम वाहत बुटात उतरत होता. चेतन मध्येच थांबला, त्याने रिकामा क्रेट उलटा घातला, त्यावर बसला आणि दुसरा क्रेट छातीशी धरून स्टिअरिंगसारखा फिरवू लागला.

"मामा, घ्या माझी परीक्षा. मी चाललोय. उजव्या पट्ट्यात. स्पीड साठ."

"तोडा की काकडी. ऊन चढायलंय."

"एकच. मागून लँडक्रूझर आली. लाईट मारली. देशात आपन उजवा देतो. हितं समदं उलटं, म्हंजे डावा द्यायचा. बरोबर ना?"

किसनची पाठ त्याच्याकडे होती. हातात काकडी होती, देठ कात्रीच्या पात्यात होता. हे असे विचारले जाईल असे त्याला वाटले नव्हते. सांगणे निराळे होते, विचारल्यावर उत्तर देणे निराळे. 'न्हाई' एवढाच शब्द पुरला असता. पण त्या शब्दाच्या मागे दुसराही एक विचार उभा होता आणि किसनला तो स्वच्छ दिसला, कारण तो नवा नव्हता; कालपासून तो त्याच्या मागे मागे येत होता. हा पास झाला, तर उद्या फाटकापाशी मी गाडी आणीन, मी उतरेन, आणि हा चढेल. हा सीट मागे सरकवील.

"हं," किसन म्हणाला.

कात्री मिटली. काकडी क्रेटात पडली.

"वाटलंच मला," चेतन म्हणाला आणि उठून कामाला लागला.

त्या दुपारी किसनला झोप आली नाही. एका अक्षराचा तो आवाज. धड शब्दही नव्हे. माणूस खोकला तरी याहून मोठा आवाज होतो. तो स्वतःला समजावू लागला, की आपण काकडीकडे पाहून 'हं' म्हणालो. आपण ऐकलेच नाही. पण हे समजावणेही त्याला ऐकू येत होते.

मंगळवारी बबीताचा व्हिडीओ कॉल आला. चेतनने फोन पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवला. ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती.

"आबा, नाराज नका होऊ. लायसन तर जुनं झालं असंल तुमचं, म्हनून परत घ्यायला लावलं असंल, व्हय ना?"

किसनने चेतनकडे पाहिले. चेतन कांदा चिरत होता, मान वर न करता म्हणाला, "व्हय. हितला नियमच हाय तसा. जुन्या ड्रायव्हरलाबी परत परीक्षा."

"मंग बरं. आन् तुमी वो? तुमाला जमंल का?"

"मला कुनी शिकवलंय? तुझ्या आबानं. न जमून कसं चालंल."

ती हसली. किसन "मेंढरांना पानी दाखवून येतो" म्हणत बाहेर आला. बाहेर उभे राहवत नव्हते. हवा तोंडावर ओल्या गोधडीसारखी येत होती. मेंढ्या सावलीत जिभा काढून पडल्या होत्या आणि पाण्याचा हौद काठोकाठ भरलेला होता. तो तरीही तिथे उभा राहिला. त्याचे खोटे दुसऱ्याने सांभाळले होते, कांदा चिरता चिरता, इतक्या हलक्या हाताने. आत जावे, त्याच दमात सांगून टाकावे. पण आता नुसती साईडची गोष्ट उरली नव्हती. कालच्या 'हं'ची गोष्टही सांगावी लागली असती.

बुधवारी उजाडताना चेतन आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि वाकून सासऱ्याच्या पाया पडला. जावयाने सासऱ्याच्या पाया पडावे, ही त्यांच्याकडची रीत नव्हे. किसन एक पाऊल मागे सरला.

"असू द्या मामा. गुरू म्हनून."

"यशस्वी व्हा," किसन म्हणाला. तोंडून तेच आले.

पिकअप निघाली. त्या दिवशी अम्मार तिला वार्षिक तपासणीलाही नेणार होता. इस्तिमाऱ्याची मुदत महिनाअखेर संपत होती. किसन दोन मिनिटे उभा राहिला आणि मग धावत सुटला. गुडघ्यांत कळ गेली. वाळूत बूट रुतत होते. फाटक उघडायला अम्मार खाली उतरला होता, म्हणून त्याने गाडी गाठली. चेतनने काच खाली केली.

"काय झालं मामा?"

किसनला धाप लागली होती. फाटक पुरे उघडले. अम्मार चढून बसला आणि त्याच्याकडे पाहू लागला. चेतनही पाहू लागला. दोघांच्याही चेहऱ्यावर काही संशय नव्हता.

"पट्टा लावा," किसन म्हणाला.

"लावलाय की," चेतनने पट्टा ओढून दाखवला आणि हसला.

दिवसभर किसनने ट्रॅक्टरने लेंडीखत ओढले. नियमाच्या सुट्टीतही तो केबिनीत गेला नाही. शेडमध्ये ट्रॅक्टरखाली शिरून, जिथे ग्रीस आधीच होते तिथे पुन्हा ग्रीस घालत बसला. आपल्याला काय व्हावेसे वाटते आहे, हे त्याने स्वतःला विचारले नाही. चार वाजता पिकअपचा हॉर्न वाजला.

काचेवर तपासणीचा नवा स्टिकर होता. अम्मारने खाली उतरून त्यावर टिचकी मारली. "गाड़ी पास," तो म्हणाला, आणि अंगठ्याने चेतनकडे दाखवले, "सवारी फेल."

चेतनच्या शर्टाची इस्त्री मोडली होती. पण तो घाईघाईने चालत आला, बातमी आणणाऱ्या माणसासारखा.

"मामा, घावलं! तुमचं कशानं गेलं ते घावलं. साईडनं! आपन डावा देतो ना, त्यो हितं चालतच न्हाई. डावा दिला म्हंजे त्यांना वाटतं आपन डावीकडं चाललो. माझं त्याच्यानंच गेलं, आन् तुमचंबी त्याच्यानंच गेलं असनार. तुमाला कुनी सांगितलंबी न्हाई, बगा की. शुर्ता नुसता खलास म्हनतो. मी त्या मास्तरला धरून इचारलं, तवा कळलं."

अम्मार क्रेट उतरवत होता. त्याला मराठी येत नव्हते, पण 'साईड' हा शब्द आणि चेतनचा सूर त्याला पुरला. तो क्रेट हातात धरूनच थांबला. "बताया नहीं था?" त्याने हळू विचारले.

किसन खाली पाहत राहिला. अम्मारने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले आणि क्रेट खाली ठेवला, नेहमीपेक्षा सावकाश.

"काय म्हनला अम्मारभाई?" चेतनने विचारले. उत्तराची वाट न पाहता त्याने एक रिकामा क्रेट किसनच्या हातांत दिला. "धरा हे. बसा हितं. तुमची तारीख माझ्या आधी लागंल, तवा आत्ताच पक्कं करा. हां. तुमी चाललाव. मागून लँडक्रूझर आली. लाईट मारली. काय कराल?"

किसन पिकअपच्या फळीवर बसला. क्रेटच्या कडा त्याच्या तळव्यांना रुतत होत्या. समोर जावई पाय रोवून उभा होता. चेहरा उन्हाने आणि अपयशाने काळवंडलेला, आणि तरी सासऱ्याने बरोबर उत्तर द्यावे म्हणून आतुर झालेला.

"काय न्हाई करायचं," किसन म्हणाला.

"बरोबर!"

"मला ठाव व्हतं."

"आता कळलं ना, आता..."

"आता न्हाई. आयतवारीच सांगितलं व्हतं त्या मास्तरनं. समद्यांच्या म्होरं." किसनने क्रेट सोडला नाही. "तुमी सोमवारी इचारलं. तवा ठाव व्हतं मला."

चेतनचे तोंड अर्धवट उघडे होते. त्याला हे समजायला वेळ लागला नाही. सोमवारची ती गल्ली, सासऱ्याची पाठ आणि तो 'हं' त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेला किसनला स्पष्ट दिसला. आता तो काही म्हणेल, शिवी देईल, क्रेटला लाथ मारेल, याची किसन वाट पाहू लागला. तसे झाले असते तर त्याने ते अंगावर घेतले असते.

चेतनने फक्त शर्टाच्या बाह्या मुडपल्या आणि तो उरलेले क्रेट उतरवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणकुमारने दोघांना ऑफिसच्या खिडकीपाशी बोलावले. अम्मार जाण्याआधीची एकच तारीख मिळाली होती. "एक आदमी जा सकता है," तो म्हणाला. "किसन, तुम सीनियर हो. तुम बोलो."

"इसको दो सर," किसन म्हणाला. तो चेतनकडे वळला. "तुमी जावा जावईबापू. मी न्हाई देत आता परीक्षा."

चेतनने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिले. "ऱ्हाऊ द्या मामा," तो शांतपणे म्हणाला. "हितं साईड देनं गुन्हा हाय."

"क्या बोला?" अरुणकुमारने विचारले.

"कुछ नहीं सर. ठीक है बोला. जाएगा," किसन म्हणाला.

चेतनने तारीख घेतली, पुढच्या परीक्षेत तो पास झाला, आणि अम्मार गेल्यावर पिकअप त्याच्याकडे आली. पण किसनला त्या साऱ्या दिवसांतून लक्षात राहिली ती त्या गुरुवारची संध्याकाळ.

भाकरी झाल्या. किसनने नेहमीप्रमाणे पाट मांडला, पाणी ठेवले, जावयाला आधी वाढले. एरवी चेतन ताट आपल्याकडे ओढी, म्हणे, तुमी बी बसा. त्या दिवशी तो पाटावर बसला आणि वाढून होईपर्यंत थांबला. मग जेवला. भाजी हवी का, म्हणून विचारले तेव्हा "द्या थोडी" म्हणाला. आवाजात राग नव्हता. जेवण झाल्यावर त्याने ताटातच हात धुतले, रुमालाला पुसले, आणि ताट तिथेच ठेवून उठला, सासुरवाडीला पाहुणा म्हणून आलेला जावई उठतो तसा.

किसन दोन्ही ताटे घेऊन नळावर गेला. उन्हाने तापलेल्या टाकीतून पाणी कढत येत होते. त्याने चेतनचे ताट घासले, मग आपले, मग चेतनचे पुन्हा एकदा.

तो परत आला तेव्हा चेतन खालच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्याने किसनची वळकटी नीट बांधून वर ठेवली होती. चादरीची घडीसुद्धा मोडू दिली नव्हती.

किसनने लोखंडी शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला. गुडघा बोलला. आवाज होऊ नये म्हणून तो जरा थांबला, आणि मग दोन्ही हातांनी धरून हळूहळू वर चढू लागला.